कऱ्हेचं पाणी कुठे अडतं

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मंडळी, नमस्कार.

पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'एका तरुण प्रोग्रॅमरची ओळख आणि तिचे तीन प्रकल्प' असा छापलाय. ओळख थोडक्यात करून देते, कारण इथल्या निम्म्या लोकांनी मला गणवेशात सायकलवरून शाळेत जाताना पाहिलेलं आहे. वडिलांची अंजीर आणि सीताफळाची बाग. आई गावच्या वाचनालयात देवघेव सांभाळते. शाळा सुटली की मी तिच्या टेबलाशी बसायचे आणि दाखल नोंदवहीत तिच्यासाठी रेघा आखायचे. पुण्यात बी. एस्सी. कॉम्प्युटर सायन्स केलं, आता तिथेच एका कंपनीत पैसे पाठवण्या-घेण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करते. संध्याकाळी आणि रविवारी मात्र मी मराठीसाठी प्रोग्रॅम लिहिते. ते का लिहिते, हे सांगायला आज आलेय.

२०२० च्या टाळेबंदीत कॉलेज बंद पडलं आणि मी घरी आले. वाचनालयाची यादी तेव्हा नुकतीच कॉम्प्युटरवर चढवली होती. अर्धी आईने चढवली, अर्धी वाचनालयातल्या काकांनी मोबाईलवर. दारं उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात आमचे निवृत्त गुरुजी आले. त्यांना 'कऱ्हेचे पाणी' हवं होतं. अत्रे आपल्या सासवडचे, नदी आपली, पुस्तक प्रत्येक वाचनालयात असणारच. आईने शोधलं. कॉम्प्युटर म्हणाला, नाही. गुरुजी म्हणाले, "अहो बाई, मला इथून कपाट दिसतंय. तिसरा कप्पा." आई उठली आणि पुस्तक काढून आणलं. दाखल क्रमांक घालून पाहिला, तर नाव पडद्यावर आलं, अक्षर न् अक्षर बरोबर. पुन्हा नावाने शोधलं. नाही.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. मला वाटलं, आईचं टायपिंग चुकलं असेल. मी टाईप केलं, तरी नाही. दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवले, दोघांनी चष्मे पुसून पाहिले. काडीचा फरक नाही.

फरक पडद्यामागे होता. कॉम्प्युटर अक्षराचं चित्र साठवत नाही, क्रमांक साठवतो. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी ठरलेली पद्धत. त्यात देवनागरीसाठी १२८ जागा राखलेल्या आहेत. र चा क्रमांक ०९३०, त्याच्याच शेजारी ०९३१ ला नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ. हा ऱ मुळात द्राविडी भाषांमधला एक उच्चार लिहायला ठेवलेला. पण त्याला हलंत, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, जोडलं की आपला ऱ् तयार होतो, कऱ्हा, वऱ्हाड, तऱ्हा यांतला. हा झाला एक रस्ता. दुसरा असा की साधा र घ्यायचा, हलंत द्यायचं आणि पुढे एक अदृश्य चिन्ह ठेवायचं. त्या चिन्हाला शून्य रुंदीचा जोडक म्हणतात. त्याचं काम एवढंच, की शेजारच्याला सांगायचं, 'रफार होऊ नकोस.' दोन्ही रस्त्यांनी पडद्यावर एकच आकृती उमटते. आईच्या कीबोर्डने पहिला रस्ता धरला होता, काकांच्या मोबाईलने दुसरा. कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. आणि तिसराही प्रकार यादीत होता: ज्यांना ऱ् काढताच आला नाही, त्यांनी सरळ 'कर्हेचे' लिहून टाकलं होतं.

आता मी जे केलं ते सांगते, कारण तेच मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. मला वाटलं, अदृश्य चिन्हं हा कचरा आहे. एका ओळीचा प्रोग्रॅम लिहिला आणि यादीतली अशी सगळी चिन्हं पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी आईचा आवाज आला, "अगं, वऱ्हाडाचं वर्हाड केलंस!" जोडक गेला आणि सगळीकडे रफार उभा राहिला. दऱ्यांचा दर्या झाला. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्या आणि कोकणचा दर्या यांच्यात त्या पुसलेल्या चिन्हाएवढंच अंतर होतं. आचाऱ्यांना बोलवा आणि आचार्यांना बोलवा, यात लग्नघरातला स्वयंपाक कोण करणार याचा फरक आहे! हसू नका, आपली लिपी हा फरक दाखवते, ही तिची श्रीमंती आहे. आणि कितीतरी ठिकाणी तुम्ही 'शेतकर्यांसाठी' असं छापलेलं पाहिलं असेल. ज्याच्यासाठी योजना आहे त्याचंच नाव मोडलेलं. माझे वडील शेतकरी आहेत. मला तो शब्द असा दिसला की आजही टोचतो.

आईने नोंदवही जपून ठेवली होती, म्हणून मला यादी पुन्हा नीट करता आली. पुढचा महिनाभर आम्ही दोघी रात्री जेवणानंतर नोंदवही उघडून बसायचो. ती वाचायची, मी तपासायचे. त्यात आईनेच मला नियम सापडवून दिला. मी विचारलं, "मशीनने कसं ओळखायचं, कुठे रफार आणि कुठे ऱ्?" ती म्हणाली, "मूळ शब्द विचार की." शेतकरी, वारकरी, दरी, दुसरा, म्हातारा. शेवटी री किंवा रा असेल, तर सामान्यरूपात ऱ्या येतो: शेतकऱ्यांना, वारकऱ्यांची, दऱ्यांत, दुसऱ्याला, म्हाताऱ्याचा. मूळ शब्दातच र्य असेल, आचार्य, सूर्य, कार्य, तर रफार राहतो: आचार्यांना, सूर्याला, कार्यात. शाळेत हे व्याकरण आपण गुणांसाठी पाठ करतो. मला ते त्या रात्री प्रोग्रॅम म्हणून दिसलं. र्‍ह चं मात्र एवढं सरळ नाही. कुऱ्हाड, गऱ्हाणं, वऱ्हाड यांत ऱ् आहे, पण अर्हता, गर्हणीय हे संस्कृतातून आलेले शब्द रफाराचेच. तिथे नियम थकतो आणि शब्दांची यादी जवळ ठेवावी लागते.

इथे माझी एक श्रद्धा सांगते. आमच्या वाचनालयाने याआधी एका विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या फाँटमध्ये होती. कॉम्प्युटर बदलला, फाँट गेला आणि हजारो पुस्तकांची यादी चिन्हांचा ढीग होऊन बसली. ती परत वाचता येण्यासाठी जी रक्कम मागितली गेली, तेवढ्यात आमची वर्षभराची पुस्तकं आली असती. शेजारी आमची जुनी दाखल नोंदवही होती. शाई फिकी झालीये, कोपरे कुरतडलेत, पण ती उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. तेव्हापासून मी ठरवलं की लोकांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम मुक्तच असला पाहिजे: कुणीही चालवावा, आतून वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून जगभर माणसं या विचारावर काम करतायत. मला तो विचार कपाटातल्या वहीने पटवला. मराठी माणसाने लिहिलेला शब्द त्याला दहा वर्षांनी, दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्या कीबोर्डने शोधला तरी सापडला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं राहिली. आणि प्रकल्प तर अजून तीनही बाकी आहेत! भराभर सांगते.

पहिला 'चाळण'. आत्ता सांगितलं त्याच गोष्टीचा प्रोग्रॅम. मजकूर आत घातला की ऱ् चे सगळे प्रकार एका रूपात आणतो आणि जिथे शंका असेल तिथे स्वतः न ठरवता माणसाला विचारतो. ॲ चंही तसंच. ॲ ला स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी आपण अ लिहून त्यावर चंद्र ठेवायचो, अजूनही कितीतरी जण ठेवतात. दिसायला एकच, शोधायला दोन. युनिकोडची एकरूप करण्याची जी ठरलेली पद्धत आहे, ती या जोड्यांना एक मानत नाही, म्हणून चाळण लागते.

दुसरा, वर्णक्रम. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. युनिकोडच्या क्रमांकांत तो ल ला चिकटून बसलाय. म्हणून नुसत्या क्रमांकांवर यादी लावली की काल, काळ, कावळा असं येतं. आपल्याला हवं काल, कावळा, काळ. क्ष आणि ज्ञ तर क आणि ज च्या पोटात जातात, कारण ते जोडून लिहिले जातात. माझा छोटा प्रोग्रॅम आई कपाटात कार्डं लावायची त्या क्रमाने यादी लावतो. आमच्या वाचनालयात तो रोज चालतो.

तिसरा वडिलांसाठी, आणि यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं. बाजारातून येणारी पट्टी तुम्ही पाहिलीये: किती पेट्या, काय भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं, हातात काय उरलं. वडील त्या पट्ट्या खिळ्याला टोचून ठेवतात. पट्टीतले आकडे मोबाईलवर भरले की हा प्रोग्रॅम हंगामाचा हिशोब मराठीत मांडतो. सगळं साध्या मजकुरात साठतं, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतं, आणि फोनबाहेर जात नाही. वडिलांचा भाव हा वडिलांचा आहे. खट्टा बहार आणि मीठा बहार या अंजिराच्या दोन हंगामांचे आकडे शेजारी ठेवून पाहता यावेत, असं त्यांनी सांगितलंय. ते अजून झालेलं नाही. या दिवाळीपर्यंत करते, असा शब्द दिलाय.

चहाच्या वेळी बाजूच्या खोलीत कॉम्प्युटर चालू ठेवलाय. ज्यांच्या नावात, आडनावात किंवा गावात ऱ् आहे, त्यांनी आधी तिकडे या. तुमच्या मोबाईलवर तुमचं नाव टाईप करून मला द्या. कोणता कीबोर्ड काय साठवतो, त्याची यादी मी करतेय, आणि आज संध्याकाळी मला ती शंभर नावांपर्यंत न्यायचीये. गुरुजी, पहिलं नाव तुमचं.