तांब्याभर पाणी आणि कामाचा क्रम

तायांनो, अंगणवाडीत रोग कसा पसरतो असं विचारलं की बहुतेक जणी एकच उत्तर देतात, "आजारी लेकरू आणून सोडतात." ते खरं आहे, पण अर्धंच. गोवर झालेलं लेकरू पुरळ उठायच्या ४ दिवस आधीपासून दुसऱ्यांना लागण देत असतं. तेव्हा त्याला नुसता ताप असतो, नाक गळत असतं, डोळे लाल झालेले असतात. कांजण्याही फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून लागतात. म्हणजे दारात उभं राहून आजारी मूल ओळखायचं आणि परत पाठवायचं, एवढ्यावर भागत नाही.

हगवण तर मोठ्यांच्या हातावरूनही फिरते. मदतनीस बाई तांदूळ निवडत असतात, मधेच एखाद्याची शी धुवावी लागते, हात पदराला पुसला जातो आणि तोच हात परत परातीत जातो. रोगाला एवढी वाट पुरते. म्हणून मी आधी क्रम बदला म्हणेन, साबणाचं नंतर बघू. तांदूळ निवडण्यापासून शेवटचं ताट वाढेपर्यंत जी चुलीपाशी आहे, तिनं शी-शेंबडाला हात लावायचा नाही. तेवढा वेळ ते काम दुसरीनं बघायचं. मदतनिसाची जागा रिकामी असेल तर सेविकेला दोन्ही करावं लागतं, हे मला ठाऊक आहे. मग शी धुतल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भांड्याला हात नाही, एवढं तरी पाळा.

आता तुम्ही म्हणाल, पाणी कुठंय? चैत्र-वैशाखात टँकरची वाट बघणाऱ्या गावात हा प्रश्न रास्त आहे. पण हिशोब करून बघा. धार बारीक असली तर लहान हातांना पाव लिटर पाणी पुरतं. २५ लेकरं, दिवसातून दोनदा, म्हणजे साडेबारा लिटर, एक बादली. धार बारीक करायला प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तापलेल्या सुईनं तीन-चार भोकं पाडा. हात ओले करायचे, बाटली उभी करायची, साबण लावून २० सेकंद चोळायचं आणि मगच परत पाणी. बोटांच्या बेचक्या, अंगठा आणि नखं हमखास राहतात. साबण जुन्या जाळीच्या पिशवीत घालून टांगला तर मातीत पडत नाही.

पाणी वाचवायच्या नादात काही ठिकाणी घमेल्यात पाणी भरून सगळ्यांना त्यातच हात बुडवायला लावतात. त्यापेक्षा न धुतलेलं बरं, असं रागानं म्हणावंसं वाटतं. पहिल्याच्या हाताची घाण पंचविसाव्याच्या हाताला लागते. सगळ्यांना मिळून एकच टॉवेल, त्याचंही तेच. हात झटकायचे, वाऱ्यावर वाळू द्यायचे. पिण्याच्या पाण्याच्या माठातही पेला बुडवू नका. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचं पिंप घ्या.

कुणी उलटी केली किंवा पातळ शी जमिनीवर झाली तर लगेच टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पाणी ओतू नका. घाणीतच क्लोरीन संपून जातं आणि जंतू तसेच राहतात. आधी ती जुन्या कापडानं किंवा कागदानं उचला आणि कापड पुन्हा वापरू नका. मग साबणाच्या पाण्यानं फरशी पुसा, आणि मग टीसीएल. चांगली पावडर असेल तर लिटरला १५ ग्रॅम. १० मिनिटं तसंच राहू द्या, नंतर पुसून घ्या. रोजच्या फरशीला आणि खेळण्यांना लिटरला ३ ग्रॅम बास. खेळणी नंतर साध्या पाण्यातून काढायची. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा वजन करून चमच्यावर खूण करून ठेवा, अंदाजानं टाकू नका. पावडर ढवळून खाली बसू द्या आणि वरचं नितळ पाणी वापरा. हे पाणी रोज नवं करायचं. उघडी पिशवी मे महिन्यात पत्र्याखाली राहिली की पावडरीचा जोर उतरतो. वास मंदावला तर समजून घ्या. आणि संडासात वापरतात ते ॲसिड यात कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

आजारी लेकराला परत कधी घ्यायचं? गोवर असेल तर पुरळ उठल्यावर ४ दिवसांनी, गालफुगी असेल तर गाल सुजल्यावर ५ दिवसांनी. कांजण्यांत सगळ्या खपल्या सुकल्यावर. हगवण थांबल्यावर ४८ तास जाऊ द्या. खरजेचं मलम रात्रभर लावलं की लेकरू दुसऱ्या दिवशी येऊ शकतं, पण घरातल्या सगळ्यांनी त्याच रात्री लावलं पाहिजे, नाहीतर खरूज परत फिरून येते. उवांसाठी कुणाला घरी पाठवायचं कारण नाही.

पण आई मजुरीला जाते, आणि लेकरू खिचडीसाठी येतं. "घरी ठेवा" एवढं सांगून ती ठेवू शकत नाही. त्या लेकराचा आहार घरी पोचवायची सोय करा, मग तुमचं सांगणं ऐकलं जाईल. तरीही आलंच तर दारापाशी, वाऱ्याच्या बाजूला, नजरेसमोर बसवा. पातळ शी होत असेल तर ओआरएसचं एक पाकीट १ लिटर पाण्यात, पूर्ण पाकीट. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकतात, ते घातक आहे. उरलेलं २४ तासांनी फेकायचं. झिंक १४ दिवस; शी थांबली म्हणून आई चौथ्या दिवशी गोळी बंद करते, तेवढं विचारत राहा.

राहिलं ऊसतोडीचं. बीड, परभणी, जालन्याकडच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. नेमका एखादा या पाच-सहा महिन्यांत येतो आणि बुडतो. कुपोषित लेकराला गोवर फार जड जातो. म्हणून दसऱ्याआधी यादी करा: कुणाचा डोस बाहेरगावी असताना येणार आहे. त्या आईला सांगा की माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या, ते दाखवून कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातही लस मिळते. परत आल्यावर पहिल्याच दिवशी ते कार्ड मागून बघा. डोस बुडाला असेल तर त्याच आठवड्यात नर्सताईंना नाव द्या. ५ वर्षांपर्यंत राहिलेला डोस देता येतो.