गडावर आधी पाणी पाहावे

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस ओसरला, डोंगरमाथ्यांवर सोनकी फुलली, की घरोघरी गडावर जाण्याचे बेत ठरू लागतात. कोणता गड, किती उंच, वाट सोपी की अवघड, याची चौकशी सुरू होते. आपण गडावर पोहोचलात म्हणजे बुरूज, दरवाजे आणि तोफा पाहण्याआधी तेथले पाणी पाहावे, एवढीच माझी आजची विनंती आहे. आधी पाणी, मग तट.

सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तयार झालेल्या खडकाचा डोंगर आहे. त्यातले कठीण थर उभ्या कड्यांच्या रूपाने उरले आणि मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले, त्यामुळे किल्ला बांधणाऱ्यांना कड्याचा आयता तट मिळाला आणि त्याखालच्या सपाटीची माची मिळाली. मिळाले नाही ते पाणी. पाऊस चार महिने कोसळतो आणि कड्यांवरून खाली निघून जातो. मग उरलेले आठ महिने वरच्या शिबंदीने, म्हणजे गड राखणाऱ्या शिपायांनी, प्यायचे काय? म्हणून कातळ फोडून टाकी खोदली गेली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या जुन्या ग्रंथात, आधी पाणी पाहून मगच किल्ला बांधावा असे बजावले आहे, आणि गडावर झरा असला तरी तेवढ्यावर निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, असेही सांगितले आहे. पुन्हा सांगते: आधी पाणी, मग तट.

हे वाक्य मी वाचलेले होते, परंतु त्याचा अर्थ मला राजगडावर एका ताक विकणाऱ्या बाबांनी समजावला.

वैशाखातले दिवस होते. माझा भाचा तेव्हा सातवीत होता. आम्ही दोघे गुंजवण्याहून चोरदरवाजाच्या वाटेने पहाटे चढलो, पद्मावती माचीवर सईबाईंच्या समाधीचे दर्शन घेतले आणि संजीवनी माचीकडे निघालो. ही माची सुमारे अडीच किलोमीटर लांब आणि तीन टप्प्यांत उतरत गेलेली आहे. तिची दुहेरी तटबंदी आणि त्या दोन भिंतींमधून खाली उतरणारे अरुंद जिने पाहण्यासाठी लोक लांबून येतात. आम्ही मात्र तेथे पोहोचेपर्यंत सकाळचे साडेदहा वाजले होते, ऊन डोक्यावर आले होते आणि आमच्या दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. चूक माझीच होती. उन्हाळ्यात माणशी तीन लिटर पाणी बरोबर हवे, हे मला ठाऊक असूनही मी कमी घेतले होते.

तटाच्या सावलीत एक बाबा ताकाची कळशी घेऊन बसले होते. ताक पिऊन झाल्यावर भाचा शेजारच्या टाक्यात डोकावला. तळाशी हिरवट पाणी होते. तो म्हणाला, “आत्या, हे तर डबकंच आहे.”

बाबा रागावले नाहीत. हातातली काठी घेऊन ते उठले आणि त्यांनी टाक्याच्या काठावर एकेक काठी मोजून दाखवली. पाच काठ्या लांबी झाली, तीन काठ्या रुंदी झाली. खोलीसाठी त्यांनी काठी आत सोडली, तर ती तळाला लागेना. मग त्यांनी भाच्याला विचारले, “पोरा, एवढा दगुड हितनं काढला, त्यो ठेवला कुटं?”

भाच्याने इकडेतिकडे पाहिले. आसपास दगडांचा ढीग कोठेच नव्हता. बाबांनी त्याचा हात धरून टाक्याच्या आतल्या कडेवर टेकवला. काळ्या दगडात तांदळाच्या कण्यांएवढे पांढरे ठिपके होते आणि त्यांच्यावरून छिन्नीचे तिरपे ओरखडे गेले होते. नंतर तोच हात त्यांनी मागच्या तटाच्या चिऱ्यावर ठेवला. तेच पांढरे ठिपके आणि तसलेच ओरखडे तेथेही होते. “खड्डा केला तितं पानी ऱ्हायलं, आन् निघालेला दगुड भितीत गेला. ताई, येका घावात दोन कामं केली बगा त्या लोकांनी.”

त्यानंतरचा तासभर भाच्याने मला हलू दिले नाही. टाके दिसले की तो आत हात घालून ठिपके पाही आणि तसाच धावत तटाकडे जाई. परतताना आम्ही बालेकिल्ल्यावर चढलो. तेथे चंद्रकोरीच्या आकाराचे चंद्रतळे आहे. आता आधी पाणी पाहा, असे त्याला कोणी सांगावे लागले नाही. दरवाजातून आत शिरल्यावर त्याने पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला.

दोन तासांत गड चढून उतरल्याचा अभिमान सांगण्याची जी पद्धत अलीकडे पडली आहे, ती मला मुळीच मान्य नाही. तसे धावणाऱ्याला टाक्याचा काठ चाचपायला सवड कोठली? आणि टाक्यात उतरून पोहणाऱ्यांबद्दल तर मी स्पष्टच बोलते: ते पाणी आजही गडावर राहणारी, ताक-भाकरी विकणारी माणसे वापरतात. त्यात पाय बुडवू नयेत.

पाणी पाहायचे ठरवले तर ठिकाणे पुष्कळ आहेत. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याइतकाच वेळ केदारेश्वराच्या लेण्याला द्यावा, कारण तेथे शिवलिंगाभोवती कमरेइतके थंडगार पाणी आहे आणि चार खांबांपैकी एकच खांब आता जागेवर उभा आहे. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत राजगड, शिवनेरी आणि रायगडही आहेत. गर्दी आता वाढणारच, म्हणून शक्य असेल त्यांनी शनिवार-रविवार सोडून जावे.

रायगडावर गेलात तर जगदीश्वराच्या मंदिरातला, रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा शिलालेख अवश्य वाचावा. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे तेथे होतो. भाचा आता महाविद्यालयात जातो. रायगडावर काय काय बांधले, याची त्या संस्कृत श्लोकात जी यादी आहे, तिच्यात खांब, हत्तीशाळा आणि राजवाडे येतात, परंतु यादीची सुरुवात त्यांनी होत नाही. भाचा लेखासमोर वाकून एकेक अक्षर लावू लागला. वापी, कूप, तडाग: पायऱ्यांची विहीर, आड आणि तलाव. तो वळून मला म्हणाला, “आत्या, राजगडावरच्या बाबांनी सांगितलं होतं तेच आहे की.”

नमस्कार.