दिवस मोजत वाचायच्या कादंबऱ्या

मित्रहो, गर्भपातावरची कादंबरी हातात आली की बहुतेक वाचक पहिल्या पन्नास पानांतच लेखक कोणत्या बाजूचा ते ठरवून टाकतात आणि उरलेलं पुस्तक स्वतःच्या मताला पुरावा म्हणून वाचतात. माझा आग्रह वेगळा आहे. आधी दिवस मोजा, पैसे कोणाकडे आहेत ते पाहा आणि दवाखान्याचं दार कोणाच्या हातात आहे ते पाहा. नीतीचा प्रश्न पात्रांच्या भाषणांपेक्षा या जागी जास्त खरा भेटतो.

आपल्या मराठीत बाईला ‘दिवस गेले’ म्हणतात. ते दिवस नीट मोजायला हवेत. डॉक्टर गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. त्यामुळे पाळी अगदी नियमित असली, तरी ती चुकल्याचं लक्षात येईपर्यंत चार आठवडे उलटलेले असतात. वाचक मात्र संबंधाच्या दिवसापासून मोजतो आणि दोन आठवड्यांनी चुकतो. बारा आठवड्यांच्या आत तुलनेनं सोपं असलेलं काम पुढे अवघड आणि धोक्याचं होत जातं. म्हणून पेन्सिल घेऊन बसा. पाळी चुकली, त्याला सांगितलं, औषध घेतलं, डॉक्टरकडे गेली, अशा प्रत्येक जागी समासात अंदाजे आठवडा लिहा. पात्रांची घालमेल कुठून येते ते त्या आकड्यांवरून दिसतं.

थिओडोर ड्रायझरच्या ‘ॲन अमेरिकन ट्रॅजेडी’मध्ये (१९२५) हे फार स्पष्ट आहे. न्यूयॉर्क राज्यातला कॉलर बनवण्याचा कारखाना, तिथे काम करणारी रॉबर्टा, आणि तिच्यावर देखरेख करणारा, मालकाचा पुतण्या क्लाइड. त्याच्यापासून तिला दिवस जातात. तो दुसऱ्या गावच्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतो. गुण येत नाही. नुसती वाट पाहण्यात वेळ जातो. मग कुठून तरी एका डॉक्टरचं नाव मिळतं. क्लाइड बाहेर थांबतो, ती एकटी आत जाते. डॉक्टर ग्लेन सौम्यपणे बोलतो, उपदेश करतो आणि नकार देतो. इथे वाचणं थांबवून एक वाक्य पुन्हा वाचा: गेल्या दहा वर्षांत त्यानं चांगल्या घरच्या काही मुलींना अशाच प्रसंगातून सोडवलेलं आहे. ड्रायझर यावर आवाज चढवत नाही, डॉक्टरला दुष्टही ठरवत नाही. ग्लेनला आपलं म्हणणं मनापासून पटलेलं आहे. पण तेच तत्त्व ओळखीच्या घरापुढे नरम पडतं आणि एकट्या मजूर मुलीपुढे ताठ होतं. पुढे रॉबर्टा तळ्यात बुडून मरते. कथेमागे १९०६ मधलं ग्रेस ब्राउनचं खरं प्रकरण आहे. तिच्या खुनाबद्दल तिचा प्रियकर चेस्टर जिलेट याला १९०८ मध्ये मृत्युदंड झाला. लोक कादंबरीतल्या क्लाइडवरच्या खटल्याची पानं चवीनं वाचतात. माझ्या मते कादंबरीचा कणा त्या दवाखान्यात आहे.

जॉन आयर्व्हिंगची ‘द सायडर हाउस रूल्स’ (१९८५) दाराच्या आतून लिहिलेली आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या अनाथालयात डॉक्टर लार्च बाळंतपणं करतो आणि, कायद्यानं गुन्हा असताना, गर्भपातही. बाई सांगेल ते. तरुणपणी त्यानं एका मुलीला मदत करायला कचरून वेळ घालवला, ती भलत्या ठिकाणी गेली आणि मेली. तिची आई त्याआधीच टॅन्सी नावाच्या वनस्पतीचं तेल असलेल्या औषधानं गेली होती. हे तेल विषारीच. गर्भ पाडायला जितकं लागेल तितकं बाईचाही जीव घेऊ शकतं.

अनाथालयात वाढलेला होमर सगळं तंत्र शिकतो, पण हे काम करायला नकार देतो. लार्चचा युक्तिवाद नीट ऐका: कायदेशीर असतं तर तुला नाही म्हणता आलं असतं, बाईला दुसरीकडे जायला मार्गच नसताना तू कसा नाही म्हणणार? हा विचार मला पुस्तकात सर्वांत मोलाचा वाटतो. शेवटी होमरचं मन वळतं ते सख्ख्या बापापासून दिवस गेलेल्या मुलीमुळे, आणि इथे लेखकानं वाट फार सोपी केली असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या बाईला नुसतंच मूल नको आहे, तिच्यासमोर होमरनं काय केलं असतं, हे आपण स्वतःला विचारून पाहावं.

हे अनाथालय वाचताना मला जोतीराव-सावित्रीबाईंचं पुण्यातलं बालहत्या प्रतिबंधक गृह आठवतं. १८६३ मध्ये तिथे विधवांना गुपचूप बाळंत होता येत होतं, मूल ठेवून जाता येत होतं. कायद्याचं म्हणाल, तर आपल्याकडे १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्याआधी भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ खाली फक्त बाईचा जीव वाचवण्यापुरती सूट होती. त्या आधीच्या मराठी कादंबरीतली मुलगी विहीर जवळ करते, तेव्हा हे कलम मनात ठेवा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं आणि ठरावीक गटांतल्या स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांचं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित स्त्रियांनाही त्या गटांत धरलं. मत मात्र अजूनही डॉक्टरचंच. तेव्हा ग्लेनचा दवाखाना परक्या देशातला म्हणून सोडून देऊ नका.

अनुवाद वाचणाऱ्यांसाठी आणखी एक. क्रियापदं पाहा. ‘पोट पाडलं’, ‘खाली केलं’, ‘मोकळी झाली’, ‘गर्भपात करून घेतला’. शेवटच्या दोन रूपांत बाई वाक्याची कर्ती आहे. पहिल्या दोन्हींत ते कोणी केलं हे वाक्य सांगतच नाही. मूळ लेखकानं कर्ता कोणाला केलं होतं, आणि अनुवादकानं तो बदलला का, हे एखाद्या परिच्छेदापुरतं तरी ताडून पाहा.