सगळ्यांचंच बीपी १२०/८०

आयोजकांनी विषय दिलाय ‘विद्यार्थ्यांच्या सवयी, ताणतणाव आणि हृदय’. त्याकडे येतोच. पण पुढच्या दोन रांगांतल्या चेहऱ्यांवर मला आत्ताच दिसतंय, की सर, हे सगळं आमच्या वडिलांना सांगा! म्हणून आधी तुमचीच चौकशी का, ते सांगतो.

१९५३ साली कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल प्रसिद्ध झाला. सरासरी वय २२. वैद्यकीय तपासणी करून भरती केलेली धडधाकट मुलं, आणि मेली ती युद्धात, हृदयविकारानं नव्हे. तरी त्यातल्या ७७ टक्के मुलांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या खुणा सापडल्या. कुणाच्या नुसत्या सुरुवातीच्या, कुणाची वाहिनी बरीच अरुंद झालेली.

माझा सगळ्यात आवडता अभ्यास मात्र विद्यार्थ्यांचाच आहे. डॉ. कॅरोलाइन बेडेल थॉमस यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९४०च्या दशकात तो सुरू केला. १९४८ ते १९६४ या काळात वैद्यकीय पदवी घेणाऱ्या तुकड्या त्यांनी निवडल्या. मुलांचं कोलेस्टेरॉल तपासलं, बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावून बीपी किती चढतं ते मोजलं, आणि ताण आला की तुम्ही कसे वागता, हेही विचारलं. कुणी लिहिलं चिडतो, कुणी लिहिलं गप्प होतो. मग ही मुलं डॉक्टर झाली, म्हातारी झाली, तरी पाठपुरावा चालूच! १९९३ साली निष्कर्ष आला, की बाविशीत ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त होतं, त्यांना पुढे हृदयविकार जास्त झाला. २००२ साली दुसरा आला. ताण आला की भडकणाऱ्यांना पंचावन्नच्या आत हृदयविकार होण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. हे बहुतेक सगळे पुरुष, एकाच पेशातले, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे सगळ्यांना लावता येत नाहीत. पण बाविशीतल्या मोजमापाला पुढे अर्थ असतो, हे त्यातून पक्कं कळतं.

आणि इथं माझं खरं दुखणं आहे. आपण ते मोजमाप करतच नाही. विद्यार्थ्यांच्या आरोग्य तपासणीचे फॉर्म मी गठ्ठ्यानं पाहिलेत. उंची वेगळी, वजन वेगळं, चष्म्याचा नंबर वेगळा, आणि बीपी? १२०/८०. पुढचा फॉर्म, १२०/८०. एकाच पेनानं, एकाच अक्षरात, पानामागून पान. रांग लांब असते, ‘या वयात काय व्हायचंय’ ही खात्री असते, आणि पट्टा न गुंडाळताच आकडा लिहिला जातो. मला याचा मनापासून राग येतो. कारण वाढलेलं बीपी बहुधा काहीच जाणवू देत नाही. न मोजता ते कळणार कसं?

जिथं मोजतात, तिथं तरी कसं मोजतात बघा. मुलगा तीन जिने चढून आलेला, पट्टा शर्टाच्या बाहीवर, हात लोंबकळतोय, आणि मोजणारा विचारतोय, कुठल्या वर्षाला? मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट काही नको. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत. उघड्या दंडावर पट्टा, दंड हृदयाच्या पातळीवर, आणि बोलायचं नाही. एकदा जास्त आलं म्हणून घाबरायचं नाही, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजायचं. सतत १३०/८०च्या वर राहिलं, तर डॉक्टरांना दाखवायचं.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत! मूळ विषय भराभर घेतो.

झोप. गाढ झोपेत बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरतं, रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. परीक्षेच्या काळात रात्री जागून काढता, तेव्हा ती बुडते. जागायला कॉफी पिता, पण कॅफीन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा कप रात्री अकराला अर्धा शिल्लक असतो. दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही निरोगी प्रौढांसाठीची मर्यादा, आणि त्यात एनर्जी ड्रिंकही धरायचं.

निकोटीन सिगारेटमधून घ्या नाहीतर व्हेपमधून, नाडी आणि बीपी दोन्ही वाढवतं. ताण घालवायला ओढतो म्हणणाऱ्यांनी हे आधी ऐकावं.

बैठक. लंडनच्या दुमजली बसमध्ये बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना, जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त होतो, हे जेरेमी मॉरिस यांनी १९५३ सालीच दाखवलं. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं पुरतं, जिमची फी भरायलाच हवी असं नाही.

आता ताण. पेपर हातात पडताना छाती धडधडते ती ॲड्रेनॅलिन या संप्रेरकामुळे. पेपर संपला की ती शांत व्हायला हवी. निकाल, फी, घरच्यांच्या अपेक्षा असं एकामागून एक चालूच राहिलं, तर शरीर खाली उतरतच नाही. शिवाय झोप, सिगारेट, बसून राहणं या सगळ्याला तोच ताण खतपाणी घालतो. म्हणून समुपदेशकाकडे जाणं ही मी हृदयाचीच काळजी समजतो.

शेवटचं, आणि हे लिहून घ्या. धावताना किंवा खेळताना चक्कर येऊन पडलात, श्रमानं छातीत दुखलं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर परीक्षा संपायची वाट न बघता ईसीजी काढून डॉक्टरांना भेटा. प्रश्नांना आता वेळ नाही, पण मी बाहेर थांबलोय. ज्याला विचारायचं आहे त्यानं या.