रूम कुठली पाहिजे?

नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय 'उपचारांचा खर्च आणि सुधारणा'. सुधारणांवर येतेच मी, पण आधी सांगा, आज सकाळी पार्ल्याच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी भाव न करता कोणी घेतली? एकही हात नाही. बरं, हॉस्पिटलात अॅडमिट होताना भाव कोणी केला? तिथेही नाही! झालं माझं व्याख्यान, चहा झालाय का बघा.

बसा बसा. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली, लोकांना बारीक अक्षरं वाचून दाखवायचा माझा धंदा, आणि तरी मी फसले. ह्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन. काउंटरवरच्या मुलीने आजार विचारायच्या आधी विचारलं, "मॅडम, रूम कुठली पाहिजे?" मी म्हटलं शेअरिंग चालेल. तर नणंदबाई मागून, "अगं लोक भेटायला येतील, बरं दिसतं का?" दिसायचं काय त्यात, पित्ताशय तर आत असतं! पण घेतली सिंगल रूम. रोजचे आठ हजार.

आरोग्य विम्याची पॉलिसी पाच लाखांची, रूमला रोज त्याच्या एक टक्का, म्हणजे पाच हजार. मी हिशोब केला, तीन दिवस, वरचे तीन-तीन हजार, नऊ हजार खिशातून, जाऊ दे, माणूस महत्त्वाचा. (पाच हजारांवरच्या रूमला 2022 पासून 5 टक्के जीएसटी, तो वेगळाच, आयसीयू सोडून.) डिस्चार्जच्या दिवशी कळलं की रूम मर्यादेबाहेर घेतली की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, व्हिजिट सगळंच त्या प्रमाणात कापतात. आठातले पाचच देतात. ते सगळं मिळून 1 लाख 20 हजार होतं, मिळाले 75 हजार. औषधांना ही कात्री नाही एवढंच नशीब. नऊ हजारांचे झाले 54 हजार, आणि ग्लोव्हज वगैरे अजून धरलेलेच नाहीत. आणि खरी गंमत अशी की सर्जनची फीसुद्धा रूम बघून ठरते, तोच डॉक्टर, तेच टेबल, तेच पित्ताशय, फक्त खिडकीला पडदा चांगला!

नणंदबाई भेटायला आल्या, दहा मिनिटं बसल्या. त्या दहा मिनिटांचे 54 हजार. त्या आज इथे नाहीयेत म्हणून बोलतेय, कोणी रेकॉर्ड करत असाल तर एवढं कापा.

माझं म्हणणं एवढंच की महाग ते चांगलं हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि डॉक्टरकडे पैशाचं विचारलं की आपण कंजूष ठरतो. 2017 च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीच्या, किमतीवर मर्यादा घातली, लाख-सव्वा लाखाचा औषध लावलेला स्टेंट 29,600 वर आला (नंतर त्यात कमी-जास्त होत गेलं). तेव्हा आमच्या बिल्डिंगमधले एक काका काय म्हणाले? "स्वस्त झालाय म्हणजे क्वालिटी उतरवली असणार." घ्या! सरकारी जनऔषधी दुकानातल्या स्वस्त गोळ्यांचंही तेच, आतलं औषध तेच असलं तरी पाकीट साधं दिसलं की आपला विश्वास उडतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. आता त्या सुधारणा, भरभर सांगते. धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा गरिबांना फुकट आणि 10 टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, हायकोर्टाची 2006 ची योजना आहे, आपल्या कामवाल्या बाईंना सांगून ठेवा, समाजसेवा विभागात जायचं. राज्यात 2021 च्या नियमांप्रमाणे नर्सिंग होममध्ये रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक लावलेलं पाहिजे, दिसलं नाही तर मागा. सत्तर पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न बघता मोफत उपचारांचं सरकारी आयुष्मान कार्ड मिळतं, 2024 पासून, इथे निम्म्यांना तरी लागू आहे, लाजू नका. पण दर लावले आणि वाचलेच नाहीत तर काय उपयोग, हे... हो हो, संपवते.

आता ह्यांचा मोतीबिंदू काढायचाय. मी चार ठिकाणी जाऊन लेन्सचे भाव लिहून आणलेत, एकाच लेन्सचे चार भाव. हे चारही वेळा खाली रिक्षातच बसून राहिले.