भाकरी, मळी आणि एक काटकसरी जिवाणू

श्रोतेहो, नमस्कार.

ज्वारीची भाकरी आणि पिठलं, ही जोडी आपल्याकडे फार जुनी. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं. एकीची उणीव दुसरी भरून काढते. कोंबड्यांच्या खाद्यातल्या मक्याचीही हीच अडचण, म्हणून खाद्यात लायसिनची भुकटी मिसळतात. ही भुकटी मोठमोठ्या टाक्यांमध्ये जिवाणू तयार करतात. त्यांच्याकडून ती करवून घेणं किती अवघड होतं, तेच आज सांगायचं आहे.

सुरुवात जपानमधली. 1956 साली क्योवा हाक्को कंपनीत किनोशिता आणि उदाका हे संशोधक ग्लुटामेट, म्हणजे पदार्थाची चव वाढवणारं एक अमिनो आम्ल, बाहेर टाकणारा जिवाणू शोधत होते. तोवर ग्लुटामेट मिळवायचं म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आम्लात उकळायचं. उदाकांनी युक्ती फार सुंदर केली. ग्लुटामेटशिवाय वाढूच न शकणारा दुसरा एक जिवाणू त्यांनी परीक्षक म्हणून वापरला. मातीतून आलेल्या ज्या वसाहतीभोवती हा परीक्षक वाढला, तीच ग्लुटामेट सोडणारी! अशा रीतीने कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम हाती लागला.

हा जिवाणू ग्लुटामेट बाहेर सोडतो तो बायोटिन हे जीवनसत्त्व कमी पडलं की. आता मळीचा विचार करा. साखर कारखान्यातून निघणारी मळी हा स्वस्त कच्चा माल, पण तिच्यात बायोटिन भरपूर. त्या मळीत जिवाणू मजेत वाढतो आणि ग्लुटामेट काही देत नाही. यावर उपाय सापडला पेनिसिलिनचा. वाढ चालू असताना ते अगदी बेताने घालायचं. पेशीचं आवरण बिघडतं आणि ग्लुटामेट बाहेर येऊ लागतं.

लायसिनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला ती जास्त आवडते. जिवाणू गरजेपुरतंच लायसिन बनवतो. पुरेसं झालं की ते बनवण्याच्या पहिल्याच टप्प्यावरचं विकर (एन्झाइम) थांबतं. पण इथे एक गंमत आहे. ते थांबायला लायसिन आणि थ्रिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल, दोन्ही लागतात, बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात तशा. मग थ्रिओनिनची वाटच बंद केली तर? 1958 च्या सुमारास नेमकं तेच केलं गेलं. थ्रिओनिन स्वतः न बनवू शकणारा वाण घेतला आणि त्याला ते वरून मोजकंच दिलं. एक चावी गेली, लॉकर बंद होईना, लायसिन साचत गेलं. पुढे लायसिनसारखं दिसणारं एक फसवं रसायन वापरून असे वाण निवडले की ज्यांच्या विकराला लायसिनची आडकाठीच जाणवत नाही.

यानंतर अनेक वर्षं एकच पद्धत चालली: रसायनांनी जनुकांत आंधळे बदल घडवायचे आणि हजारोंतून उत्तम वाण निवडायचा. उत्पादन वाढलं, पण हव्या त्या बदलांबरोबर नको तेही बदल साठत गेले. वाण मंद वाढणारे झाले, प्रतिकूल परिस्थितीत लवकर हार मानू लागले. आपण त्या जिवाणूला फार दमवलं होतं, असं मला वाटतं.

ओनिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये वेगळा मार्ग प्रसिद्ध केला. जुन्या वाणाची जनुकं मूळ जिवाणूच्या जनुकांशी ताडून पाहिली आणि खरोखर कामाचे बदल वेचले. मग मूळ, ताज्या जिवाणूत फक्त तीन बदल घातले. एकाने विकराची आडकाठी सुटली, दुसऱ्याने थ्रिओनिनकडे जाणारी वाट अरुंद झाली, तिसऱ्याने लायसिनच्या वाटेला कच्चा माल जास्त मिळू लागला. जिवाणूची वाढ जोमदार राहिली. 27 तासांत लिटरमागे 80 ग्रॅम लायसिन जमलं, म्हणजे एका लिटरात चांगलं मूठभर.