बार की भार? वाचा-भाषाविज्ञानातल्या पदव्युत्तर प्रबंधाची मोजणी

मित्रमैत्रिणींनो, प्रबंधाचा विषय विचारला की बहुतेक जण क्षेत्राचं नाव सांगतात. ‘मराठीतले महाप्राण’, ‘मुलांचे उच्चार’ वगैरे. प्रश्न असा हवा की काय मोजायचं ते त्या वाक्यातच दिसलं पाहिजे. उदाहरणार्थ: पुण्यात वाढलेले विशी-पंचविशीतले मराठी भाषक ‘ब’ आणि ‘भ’ वेगळे ठेवतात ते स्फोटाआधीच्या घोषाने (स्वरतंतूंच्या कंपनाने), की स्फोटानंतरच्या श्वासाने? एवढा प्रश्न एका वर्षात पेलतो. आज हाच धरून बोलूया.

मिटलेले ओठ (किंवा अडवणारी जीभ) सुटून हवेचा स्फोट होणं आणि स्वरतंतू कंप पावू लागणं, यांमधल्या वेळाला व्हॉइस ऑनसेट टाइम म्हणतात. रोजच्या बोलण्यात व्हीओटी. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी 1964 साली अकरा भाषांत तो मोजला, त्यांत मराठीही होती. प, फ आणि ब यांची विभागणी त्याने नीट होते. ब आणि भ यांची होत नाही, कारण दोन्हींत कंपन स्फोटाच्या आधीच सुरू झालेलं असतं. फरक आहे तो स्फोटानंतर. म्हणजे ज्याने आराखड्यात फक्त व्हीओटी लिहिला, त्याने प्रश्नाला उत्तर न देणारं माप निवडलं. हे आराखड्यातच कळायला हवं, दोन हजार मोजण्या झाल्यावर नव्हे.

आता शब्दयादी. प्रबंध इथेच तरतो किंवा बुडतो, म्हणून जरा थांबू. बार-भार, बाग-भाग, दार-धार, दान-धान, गार-घार, गाव-घाव या जोड्या चांगल्या, कारण पुढचा स्वर सगळीकडे ‘आ’ आहे. मूर्धन्यांत डाळ-ढाळ मिळते. दुसरी जोडी शोधताना डोल-ढोलवर यावं लागतं आणि स्वर बदलतो. वेळ मोजायला ती चालेल, कारण जोडीतल्या दोन्ही शब्दांत स्वर तोच आहे. पण श्वासाळपणा पहिल्या दोन हार्मोनिकांच्या (आवाजाची मूळ कंपनसंख्या आणि तिच्या पटीतले सूर) तीव्रतेतल्या फरकावरून काढणार असाल तर ती वगळा. ‘ओ’चा पहिला फॉर्मंट (तोंडाच्या पोकळीत घुमून बळावणारा कंपनसंख्यांचा पट्टा) खाली असतो आणि तो, विशेषतः बायकांच्या आवाजात, दुसऱ्या हार्मोनिकला उचलतो. ‘आ’चा पहिला फॉर्मंट बराच वर असल्याने तिथे ही भेसळ फारशी होत नाही.

प्रत्येक ध्वनीला किमान दोन शब्द ठेवा. एकच ठेवला तर निष्कर्ष त्या ध्वनीचा की त्या शब्दाचा, हे सांगता येत नाही. ‘ढाळ’सारख्या शब्दावर वाचणारा अडखळतो, म्हणून ध्वनिमुद्रणाआधी यादी एकदा मोठ्याने वाचून घ्या. अघोषांकडे वळलात तर ‘फ’पाशी सांभाळा: अनेक जण ‘फार’चा उच्चार दात ओठावर ठेवून घर्षणाने करतात, तिथे स्फोटच नसतो, मग मोजणार काय? आणि ‘जग’ असं लिहिलेलं वाचायला दिलं तर एक जण दुनिया म्हणेल, दुसरा जगायला सांगेल. दोन्ही ‘ज’ वेगळे. चवर्ग या प्रबंधात नकोच.

शब्द वाक्यात घालायचा तर सुरुवातीला: ‘भार असं म्हणा’. ‘तो भार म्हणाला’ असं केलंत तर ‘तो’मधला घोष थेट ‘भ’मध्ये वाहत जातो आणि सुरुवात कुठे, ते ठरत नाही. क्रम प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळा मिसळा. यादीच्या पहिल्या आणि शेवटच्या जागी न मोजायचे शब्द ठेवा, कारण यादी संपतेय हे दिसताच आवाज उतरतो.

ध्वनिमुद्रण 44,100 हर्ट्झ, 16 बिट, वेव्ह फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाज मोजणीला घेऊ नये. मोबाइलमधली गोंगाट कमी करणारी सोय बंद करा: तिच्या लेखी ‘भ’चा श्वास हाही गोंगाटच, ती तोच पुसून टाकते. डोक्याला लावायचा माइक ओठांच्या कोपऱ्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर, थोडा बाजूला. समोर धरला तर फुंकर आदळून स्फोटाची खूण बिघडते. पंखा बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, कारण चार्जरमधून येणारी विजेची 50 हर्ट्झची घरघर आणि तिच्या पटीतले सूर स्पेक्ट्रोग्रामच्या (आवाजातल्या कंपनसंख्या दाखवणाऱ्या चित्राच्या) तळाशी अगदी घोषाच्या पट्टीसारखे दिसतात. नंतर फिल्टर लावून ती काढायला गेलात तर खरा घोषही पातळ होतो.

आता प्राट या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ‘भार’ उघडून बघू. डावीकडे शांतता. मग बारीक, गोलसर लाटा: ओठ मिटलेले असतानाचा घोष. मग एक टोकदार काटा, तो स्फोट. त्यानंतर लाटा पुन्हा येतात खऱ्या, पण वरचे फॉर्मंट धुरकट, मध्ये श्वासाची खरखर. हळूहळू ‘आ’ स्वच्छ होतो. खुणा तीन: घोष कुठे सुरू, स्फोट कुठे, स्वच्छ स्वर कुठे. पहिल्या दोन सोप्या. तिसरी मात्र रेंगाळते, म्हणून नियम लेखी हवा: दुसरा फॉर्मंट सलग दिसू लागला की त्यानंतरच्या पहिल्या पूर्ण लाटेची सुरुवात. ‘ग’, ‘घ’मध्ये स्फोटाचे काटे दोन-तीन येतात, पहिला धरा. स्फोटाआधी घोष मध्येच विझला तर काय, हेही आधीच ठरवा. श्वासाळ भागात प्राटला आवाजाची पट्टी (पिच) सापडत नाही आणि तो मूल्य देत नाही. तो रकाना रिकामा ठेवा. शून्य टाकलंत की सरासरी कोसळते.

आठ ध्वनी, दोन-दोन शब्द, पाच वेळा: माणशी 80 नमुने. तीस माणसांचे 2400. नमुन्याला दोन मिनिटं धरली तर नुसत्या खुणा करायला 80 तास. दहा टक्के, म्हणजे 240 नमुने, दुसऱ्या मोजणाऱ्याने पहिल्याच्या खुणा न बघता मोजावेत. आणि सांख्यिकीत लक्षात ठेवा, तुमच्याकडे 2400 माणसं नाहीत, तीसच आहेत. सगळ्या मोजण्या स्वतंत्र समजून टी-टेस्ट (दोन सरासरींची तुलना करणारी चाचणी) लावली तर फरक सहज ‘लक्षणीय’ ठरतो, आणि तो खोटा असू शकतो. व्यक्ती आणि शब्द हे दोन्ही विचारात घेणारं मिश्र प्रतिमान वापरा; ते जमत नसेल तर निदान प्रत्येक व्यक्तीची ‘ब’ची आणि ‘भ’ची सरासरी काढून जोडीने तुलना करा.

नैतिक समितीची परवानगी पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या आधी. संमतीपत्र मराठीत, आणि आवाज पुढे कुणाला ऐकवणार का हा त्यात स्वतंत्र प्रश्न. आवाजावरून माणूस ओळखू येतो. फाइलला नाव देऊन चालत नाही, क्रमांक द्या.

आणि तीस जणांना बोलवण्याआधी दोन जणांवर सगळं शेवटपर्यंत करा: ध्वनिमुद्रण, खुणा, तक्ता, आलेख. फक्त ध्वनिमुद्रण करून ‘पायलट झाला’ म्हणू नका. यादीतला वाईट शब्द, चार्जरची घरघर, तिसऱ्या खुणेचा गोंधळ, हे खुणा करायला बसल्यावरच समोर येतं. तेव्हा यादी बदला, नियम पुन्हा लिहा, आणि त्या दोघांचे नमुने मुख्य अभ्यासात मिसळू नका.